पालपर्यंत, गाडीला हात न लावता

चार बायका पाच दिवस रस्त्याने चालायला निघाल्या की त्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. किस्सेच त्यांना गाठतात, तेही भर उन्हात, पाय दुखत असताना! मी पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं काढली. तिथेही एकेक नग भेटले, पण मधे जाळी होती. रस्त्यावर जाळी नसते.

आम्ही चौघी जळगावच्या मेहरूण तलावाच्या सकाळच्या फेऱ्यांमधल्या मैत्रिणी. एक दिवस कुंदाअक्का थांबली आणि म्हणाली, "गोल गोल काय फिरतो गं आपण घाण्याच्या बैलासारखं? एकदा सरळ जाऊन तर बघू!" तेव्हापासून दरवर्षी थंडीत आम्ही सरळ जातो. अक्का फैजपूरची लेक, केळीच्या बागेत वाढलेली, आमच्यात वयाने मोठी आणि आवाजानेही. शमीमचं टेलरिंगचं दुकान आहे. आमच्या पाठीवरच्या पिशव्या तिनेच शिवल्यात. विजू माहेरची धुळ्याची. चिडली किंवा हळवी झाली की थेट अहिराणीत घुसते. आणि चौथी मी, सरू.

यंदा ठरलं, मेहरूण ते पाल. तापी ओलांडायची, यावल, फैजपूर, खिरोदा करत सातपुड्यात चढायचं. विजूचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. तिचे मिस्टर सुभाषराव तसे भले माणूस, पण बायकोला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही गाडीतून नेणार! त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जा. पण एकदा जरी गाडीत बसावं लागलं, तर पुढच्या वर्षीपासून हे चालणं बंद. कायमचं. कबूल?"

विजू म्हणाली, "कबूल." आणि मग मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "सरू, वर्षाचे हे पाच दिवस माझे आहेत गं. हेही गेले तर काय करू मी?" त्यामुळे यंदा आम्ही निघालो पालला, पण लक्ष सगळ्यांचं विजूच्या गुडघ्याकडे.

*

आपल्याकडे कोणी पायी दिसलं की तो देवालाच निघालेला असतो. दुसरं कारण लोकांना पटतच नाही! तापीच्या पुलाजवळ एक आबा गाठोड्यावर बसलेले. आम्हाला बघून उठलेच.

"कुठल्या देवाला, माय?"

"देवाला नाही आबा, पालला," मी म्हणाले.

"पालला कोणता देव शे?"

"देव नाही. असंच. चालायला."

आबांनी आमच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता घरचा फोन नंबर मागतात. अक्का पुढे झाली आणि तिने विषय मिटवला, "नवस आहे, आबा. गुडघ्यासाठी."

झालं! आबांचा चेहरा खुलला. गाठोडं सोडून त्यांनी आम्हाला शेंगा दिल्या आणि एकेकीला हात जोडायला लागले. शमीमपाशी आले तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "आबा, मी शमीम. मुसलमान आहे."

आबांनी विचारलं, "तुमच्यातबी नवस राहतो का?"

शमीम म्हणाली, "आबा, गुडघे काय जात बघून दुखतात का?"

आबांनी तिच्या ओंजळीत एक मूठ शेंगा जास्त टाकल्या.

*

दुसऱ्या दिवशी यावलच्या अलीकडे एका बागेत पाणी प्यायला थांबलो. मालक नाना फार प्रेमळ. बोलता बोलता गेले आणि केळीचा अख्खा घड कापून घेऊन आले. आम्ही म्हटलं, नाना, चार केळी द्या, पुष्कळ झाली.

"चार? मी काय दुकान मांडलं का? पाहुण्यांना चार केळी देऊ?"

आता घड नको म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि घ्यावा तर पुढे बारा किलोमीटर चालायचं! शेवटी बांबूला घड लटकवला, एक टोक माझ्या खांद्यावर, एक शमीमच्या. विजूला आम्ही हातही लावू दिला नाही. किलोमीटरभर गेलो आणि माझा खांदा बोलायला लागला.

"वाटून टाकू," मी म्हणाले. पहिल्याच घरी एक बाई ओट्यावर बसलेली. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, केळी घेता का? अशीच. फुकट."

बाई म्हणाली, "आमी बैलांना घालून राहिलो केळी. तुमची कोन खाईन?"

सगळ्या गावात तेच! केळीच्या मुलखात केळी फुकट वाटायला निघालेल्या जगात आम्ही चौघीच असू. शेवटी गावाबाहेर मारुतीचं देऊळ दिसलं. कोणी नव्हतं. घड पायरीवर ठेवला, हात जोडले आणि पळालो. खरंच पळालो, विजूसुद्धा!

दहा मिनिटांत मागून मोटरसायकल. देवळाचे पुजारी, आणि त्यांच्या पेट्रोलच्या टाकीवर आमचा घड!

"अहो ताई, केळी विसरल्या ना तुम्ही! म्हटलं बाया चालत आहेत, उपाशी राहतील." आणि पिशवीतून अजून दोन फण्या काढून त्यांनी वर ठेवल्या. "हा देवाचा प्रसाद."

*

तिसऱ्या दिवशीचा किस्सा सुभाषरावांचा, आणि ते तिथे हजरही नव्हते. निघताना त्यांनी विजूच्या मोबाइलवर लाइव्ह लोकेशन चालू करून दिलं होतं. घरी बसून दिवसभर बायकोचा ठिपका बघायचे.

दुपारी शमीमच्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात आमची भरीत पार्टी ठरली होती. भरीत म्हणजे घाईचं काम नाही. वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्या न् लसणाबरोबर लाकडाने ठेचायची. मग कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, मग गप्पा, मग आडवं होणं आलंच. विजूने मोबाइल पिशवीत ठेवला आणि पिशवी झाडाला टांगली. ठिपका साडेतीन तास हलला नाही!

सुभाषरावांनी बावीस फोन केले. ऐकणार कोण, जो तो वांग्यात! त्यांचा धीर सुटला. त्यांचा एक लांबचा मावसभाऊ जवळच्या गावात राहतो. त्याला त्यांनी पाठवलं, "वहिनी रानात पडलीय, डॉक्टरला घेऊन जा!"

धूळ उडवत मोटरसायकल आली. मावसभाऊ पुढे, मागे एका दवाखान्यातला कंपाउंडर, हातात सलाइनची बाटली. दोघांचे चेहरे पांढरे. समोर विजू भाकरी हातात घेऊन बसलेली.

"काय व्हयनं?" तिने विचारलं.

कंपाउंडरने बाटली काळजीपूर्वक फांदीला लटकवली, हात धुतले आणि पंगतीत बसला. जेवून झाल्यावर त्याने सुभाषरावांना फोन लावला, "पेशंट ठीक आहे साहेब. मी अजून जरा वेळ ऑब्झर्व्हेशनला थांबतो." आणि त्याने भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

*

फैजपूरला मुक्काम अक्काच्या भाच्याकडे. चौथ्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, "आत्या, डांबरी रस्त्याने जा खिरोद्याला." अक्काला ते लागलं. "मी इथे जन्मले. तू मला रस्ता सांगतो? बागांमधून नेते यांना, निम्म्या वेळात!"

केळीची बाग बाहेरून छान दिसते. आत शिरलं की चारही बाजूंना तेच खोड, तीच पानं, तीच ठिबकची नळी. वर आभाळसुद्धा धड दिसत नाही. अक्का पुढे, हात दाखवत. "हे अमक्यांचं शेत. हे तमक्यांचं. आता विहीर येईल." विहीर आली. अर्ध्या तासाने परत विहीर आली.

"अक्का, हीच विहीर ना मघाची?" शमीम म्हणाली.

"इथे सगळ्या विहिरी सारख्याच असतात!"

तिसऱ्यांदा विहीर आली तेव्हा काठावर माझाच रुमाल वाळत होता. मी तो काढून पिशवीत टाकला. अक्का इकडेतिकडे बघून म्हणाली, "रस्ता माझ्या लहानपणी इथेच होता."

दोन तासांनी एकदाचा बागेतून उजेड दिसला. अक्का ओरडली, "बघा! आलं खिरोदं!" बाहेर पडलो तर समोर गोठा, गोठ्यासमोर भाच्याची बायको शेण काढतेय. तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही आश्चर्य नाही.

"आल्या का? चहा टाकते."

सगळ्या हसलो, पण विजू ओट्यावर बसली आणि तिने साडी वर केली. गुडघा टम्म सुजलेला. अक्काचं तोंडच उतरलं. भाच्याने लगेच ट्रॅक्टर काढला. "आत्या, ट्रॉलीत गादी टाकतो. खिरोद्याला सोडतो. सुभाषकाका गाडीचं बोलले, ट्रॅक्टरचं थोडीच?"

विजू म्हणाली, "ट्रॅक्टर म्हणजे गाडीच." तिने गुडघ्याला शमीमची ओढणी घट्ट बांधली आणि उभी राहिली. त्या दिवशी डांबरी रस्त्याने चाललो. अक्का खिरोद्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. हा आमच्याकडचा रेकॉर्ड आहे.

*

आणि शेवटचा दिवस. पालचा घाट.

पहिल्या वळणावर पांढरी गाडी उभी! सुभाषराव पहाटेच जळगावहून निघून आलेले. भाच्याने गुडघ्याची खबर दिली असणार. त्यांनी दार उघडलं. "विजू, पुरे झालं. बस."

विजू दारापाशी थांबली, दार नीट लावलं आणि पुढे चालायला लागली.

मग सुरू झाली वरात. पुढे लंगडत विजू, मागे आम्ही तिघी, आमच्या मागे फर्स्ट गिअरमध्ये सुभाषराव, खिडकीतून डोकं काढून. "पाणी पी!" "डावीकडून चाल!" "अगं, बस गं!" पाच किलोमीटर हेच. गाडीला ते सोसलं नाही. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी एका वळणावर गप्प झाली.

सुभाषराव उतरले. पायात कडक पॉलिशचे बूट. म्हणाले, "ठीक आहे. मी पण येतो चालत. त्यात काय एवढं?"

पहिल्या वळणाला ते आमच्यापुढे होते. दुसऱ्या वळणाला आमच्यात. तिसऱ्याला मागून नुसता श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात वर जाणारी काळी-पिवळी जीप आली आणि सुभाषरावांनीच हात केला! ते चढले, आत सरकले, शेजारी जागा केली आणि विजूकडे हात पुढे केला.

"ये. थोडंच राहिलंय. ती अट-बिट काही नाही, मी कुणाला सांगणार नाही."

विजूने त्या हाताकडे पाहिलं. गुडघा आता ओढणीच्या बाहेर फुगला होता. खरं सांगते, मला वाटलं ती बसावी. मी असते तर बसले असते.

"पन माले माहीत राही ना," ती म्हणाली. आणि ड्रायव्हरला, "चाल भाऊ, जाऊ दे."

जीप गेली. उरलेला घाट आम्ही कसा चढलो ते आठवायला नको. दर शंभर पावलांना विजू थांबायची, डोळे मिटायची, परत निघायची. तिचा हात धरायचा नाही अशी तिने सक्त ताकीद दिली होती. अक्का मागून चालत नुसती डोळे पुसत होती.

पालला पोचलो तर चहाच्या टपरीसमोर पंधरा-वीस माणसांचा घोळका. आम्हाला वाटलं, भांडण. जवळ गेलो तर मधोमध सुभाषराव, बूट काढून बाकावर उभे!

"मेहरूणपासून पायी! पाच दिवस! गुडघा असा सुजलेला, असा! मी स्वतः गाडी घेऊन गेलो, जीप थांबवली, पण नाही म्हणजे नाही!"

एकाने विचारलं, "कोण हो?"

"कोण म्हणजे? माझी बायको!" तेवढ्यात त्यांना आम्ही दिसलो. ते बाकावरून उतरले, अनवाणीच पुढे आले आणि विजूच्या हातात चहाचा ग्लास दिला. मग गुडघ्याकडे बघत म्हणाले, "मग... पुढच्या वर्षी कुठे?"

पाच दिवसांत न रडलेली विजू तेव्हा रडली. मग तिने पदराने नाक पुसलं, चहावर फुंकर मारली आणि म्हणाली,

"तुम्ही आधी घरना जिना चढाले लागा. मंग सांगसू!"