वायसरमामांचा निरोप

आमच्या इमारतीतले नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे वायसरमामा म्हणतात. नळातल्या रबरी चकतीला ते वायसर म्हणतात, आणि जगातली निम्मी भांडणं वायसर झिजल्यामुळे होतात असं त्यांचं ठाम मत आहे. साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे, खिशात पाना, कानावर पेन्सिल. पूर्वी त्यांना बोलवायचं तर जिन्यातल्या फळ्यावर आपल्या घराचा नंबर लिहून ठेवायचा. गेल्या वर्षी सुनेने त्यांना फोन घेऊन दिला आणि मामा मेसेज करू लागले.

खरं तर मामा मेसेज करत नाहीत, मेसेजमधून आपल्या घरी येतात. आधी नमस्कार. मग आपली प्रकृती बरी असेल अशी आशा. मग माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी. काम असतं ते सातव्या ओळीत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर मेसेज नाही, कारण अशा वेळी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाहीत. ओल्या हाताने नाही. आडवं पडून तर नाहीच. उत्तर लिहायचं तर उठून बसायचं. एकदा इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी फुलांचा फोटो टाकून सुप्रभात म्हटलं, तर मामांनी बत्तीस जणांना वेगवेगळं सुप्रभात कळवलं आणि शेवटी ग्रुपवर लिहिलं, 'नजरचुकीने कुणी राहिले असल्यास क्षमा असावी.'

मी जात्याच घाबरट. मुलगी शिकायला बाहेरगावी आहे आणि तिचे मेसेज एका अक्षराचे असतात. 'हं.' हे हं रागाचं, तापाचं की नुसतंच, यात माझा अर्धा दिवस जातो. त्यात एका दुपारी ऑफिसात मामांची पहिली ओळ फोनवर चमकली: 'ताई, आधी शांतपणे बसून घ्या.' मी बसलेली होते, ती उठले. पुढच्या ओळी उघडेपर्यंत मनातल्या मनात माझी मुलगी दोन दवाखाने फिरून आली होती. सातव्या ओळीत कळलं, गच्चीवरच्या टाकीचा कॉक बदललाय, तासभर पाणी गढूळ येईल. मग बसायला कशाला सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, माणसाला उभ्या उभ्या काही सांगू नये.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सेक्रेटरी झाल्या. त्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि कुठल्याही मेसेजची फक्त शेवटची ओळ वाचतात. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तीनदा मामांनी येतो म्हणून कळवलं आणि तीनदा आले नाहीत. तिन्ही वेळा बाई अर्धी रजा टाकून दाराकडे डोळे लावून बसल्या. चौथ्यांदा त्या बसल्या नाहीत. जिन्यात कागद लागला: रविवारी बैठक, विषय एकच, नळदुरुस्तीचं काम मामांकडून काढून एका कंपनीकडे देणे. कारण, खोटे निरोप देणे.

मामांचं निम्मं काम आमच्याच इमारतीत, तेही बारा वर्षांपासून. पण काम जाण्यापेक्षा त्यांना तो 'खोटे' शब्द जास्त लागला होता. शनिवारी माझं तुंबलेलं बेसिन बघायला आले ते पाना न काढताच खुर्चीच्या कडेला टेकले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. यात मी खोटं कुठं बोललो तेवढं दाखवा."

मी वाचलं. 'नमस्कार मॅडम. आपण ठणठणीत असाल. आईसाहेबांचा दमा आता कसा आहे? पलीकडच्या गल्लीत पाइप फुटल्याने आज जमणार नाही. मंगळवार चालेल का ते कळवावे. राग नसावा. येतो.'

"मामा, वर जमणार नाही म्हणता आणि खाली येतो?"

"मग? निरोप घ्यायला नको?"

दुसरा मेसेज उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांच्या शेवटी येतो. मी कपाळाला हात लावला. अशाच एका येतोवर विसंबून मीही एकदा दिवसभर घरी थांबले होते आणि मनातून त्यांना बरंच काही बोलले होते.

"अहो, पण फोनवर नुसतं थांबायचं. येतो कशाला?"

"कुणाच्या दारातून उठताना जातो म्हणतात का, ताई? आई थोबाड फोडायची माझं."

"तुम्ही त्यांच्या दारात नव्हताच. पलीकडच्या गल्लीत होता."

मामांनी जरा विचार केला. "मेसेज तर त्यांच्या दारात होता ना?"

मी ते तिन्ही मेसेज माझ्या फोनवर घेतले.

चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. तरी बैठकीत उभी राहिले आणि तिन्ही मेसेज वरपासून खालपर्यंत वाचून दाखवले. तिसऱ्या येतोला वाहनतळात बसलेली सगळी माणसं हसत होती. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे येत नाही हे सांगायला हे येतो म्हणत होते आणि मी रजा टाकून बसले होते," त्या म्हणाल्या. त्यात चूक काहीच नव्हती. मग थेट मामांना म्हणाल्या, "मला हे पाल्हाळ नको. दिवस आणि वेळ. बाकी एक अक्षर नको. जमत असेल तर राहा."

सगळे मामांकडे बघू लागले. ते इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभे होते.

"जमवतो," ते म्हणाले. "पण तुम्हीही एक करा, मॅडम." त्यांनी फोन काढून बाईंचाच मेसेज वाचला. "'किचन नळ. आज.' तिन्ही वेळा एवढंच. यात मी कुठं आहे? पाण्याच्या मोटारीचं बटण दाबल्यासारखं वाटतं. आधी नुसतं मामा लिहा. बाकी काही नको."

बाई आपल्या फोनकडे बघत राहिल्या, मग तिथेच काहीतरी टाइप केलं. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मामांचा फोन वाजला. 'मामा, किचनचा नळ. उद्या दहाला?'

तोंडाने हो म्हणता आलं असतं. पण मेसेजचं उत्तर मेसेजनेच द्यायला हवं. मामांनी चष्मा लावला, खुर्ची मागून घेतली, नीट बसले आणि एका बोटाने लिहू लागले. अख्खी बैठक थांबली. अखेर बाईंचा फोन वाजला. 'उद्या दहा.'

मामांचं बोट अजून काचेवर घुटमळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी फोन खिशात टाकला, उठून बाईंसमोर गेले आणि लिहायचं राहिलेलं सगळं तोंडी सुरू केलं: प्रकृती, झोप, ऑफिसचा ताण, आईचा दमा. बाईंनी आधी घड्याळ पाहिलं. मग ठरावाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आईच्या गोळ्यांची नावं एकेक करून सांगू लागल्या.