उसने डोळे

पोतनीसकाका कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले की आधी मॉनिटर बंद करायला लावायचे. मग स्टूल ओढून त्या काळ्या काचेसमोर बसायचे आणि हात गुडघ्यांवर ठेवून चार-पाच मिनिटं नुसते बघत राहायचे. काचेत त्यांचा चेहरा दिसायचा, फुगीर, कडांना वाकलेला, आणि पाठीमागच्या दारातून जाणारी माणसंही. दुकानदार चुळबुळायचा. "अंकल, चालू करके देखो ना, क्या कलर है." काका मान न वळवता म्हणायचे, "कलर बाद में, भिया. पहले काला देखने दो. जिसका काला कच्चा, उसका चेहरा कच्चा."

ही सन दोन हजार दोनची गोष्ट. काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हा देवासला आमची एक समिती होती. ठेक्यावरच्या मजुरांची पत्रकं काढायची, सभा घ्यायची आणि ठेकेदारांच्या शिव्या खायची. पत्रक छापखान्यात दिलं की छापखानेवाल्याला फोन जायचा आणि त्याचं मशीन नेमकं त्या दिवशी बिघडायचं. म्हणून वर्गणी गोळा करून आम्ही स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. पत्रकं आणि पोस्टरं करता येतील, वस्त्यांमधून चित्रित केलेल्या जबान्या कापून-जोडून दाखवता येतील, असा. मी तेवीस वर्षांची होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि सगळं कळतं असं वाटत होतं. धारला पोतनीस म्हणून एक फोटोग्राफर आहेत, त्यांना विचार, असं कुणीतरी सांगितलं आणि मी बस पकडली.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या खजिन्यावर होते. काकांकडे त्यातलं एवढंच उरलं होतं की ते जिना चढून आलेल्या कुणालाही "बसावं" म्हणायचे, अगदी वीजबिलवाल्यालाही. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर. खिडक्यांना काळा कागद. माझे वडील नोकरीसाठी देवासला आलेले, माझं शिक्षण हिंदीत, त्यामुळे माझं मराठी ऐकून त्यांनी दुसऱ्याच वाक्याला म्हटलं, "शुभे, तुझं मराठी बसमध्ये उभं राहून आलेलं दिसतंय. त्याला जरा बसायला जागा दे." आज मी हे मराठीत लिहिते आहे ते त्यांच्यामुळे.

त्यांचं खरं काम काय ते मला तिथे बसल्यावर कळलं. एक माणूस आला, रुमालात गुंडाळलेला फोटो काढून त्याने टेबलावर ठेवला. म्हातारी, नाकात कापूस, डोळे मिटलेले. जिवंतपणी तिचा एकही फोटो काढला नव्हता. काका म्हणाले, "परसों आना." त्यांनी डोळे उघडायचे होते. धार, नालछा, धरमपुरी, सगळीकडून लोक या कामासाठी यायचे. आधी ते एका केसाच्या कुंचल्याने फोटोवरच बुबुळं रंगवत. कॉम्प्युटर आल्यावर खरे डोळे बसवू लागले. "कुंचल्याचे डोळे नुसते उघडे असतात. हे बघतात," ते म्हणाले.

"कोणाचे डोळे?" मी विचारलं.

त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढला. आत लहान लहान पाकिटं. पासपोर्ट फोटोंची. गेट-पाससाठी, रेशनकार्डासाठी माणसं येऊन फोटो काढून गेली आणि न्यायला परत आली नाहीत. पाकिटावर नाव नव्हतं, फक्त नंबर. वीस वर्षांत साठलेली पाकिटं. "न्यायला आले नाहीत," काका म्हणाले, "म्हणजे अजून त्यांना लागलेले नाहीत. तोवर कुणाच्या तरी कामी येतात."

मला संताप आला. ही फसवणूक आहे, असं मी तोंडावर म्हटलं. लोकांच्या घरात भिंतीवर तिऱ्हाईत माणूस आईच्या चेहऱ्यातून बघतो आणि लोक त्याला हार घालतात. काका शांतपणे म्हणाले, "पत्रकात तू मजुरांच्या तोंडी वाक्यं घालतेस ना? ती तरी कुठे त्यांची असतात?" याचं उत्तर मला तीन दिवसांनी सुचलं आणि तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

इंदूरच्या बाजारात आम्ही सात दुकानं पालथी घातली. मला सर्वांत वेगवान प्रोसेसर हवा होता, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असायचा. काका म्हणाले, "प्रोसेसर मधला चालेल. रॅम दुप्पट घे. फोटो आणि व्हिडिओ उघडायचा म्हणजे पसरायला ओटा मोठा हवा, चूल कितीही मोठी असून काय करशील?" स्पीकर, कॅमेरा, चमकणारी कॅबिनेट, सगळं त्यांनी परत ठेवायला लावलं. मॉनिटर मात्र सतरा इंची, काचेत पाहून पाहून घेतलेला. यूपीएस घ्यायलाच लावला, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. आणि शेवटी म्हणाले, "हार्ड डिस्क दोन घे. एकीवर मूळ, एकीवर दुरुस्त केलेलं. दोन्ही एका घरात ठेवलं तर दुरुस्त मुळाला खातं."

दुसरी डिस्क मी घेतली नाही. वर्गणीतून चैन नको, असं मी ठणकावून सांगितलं. मला ते ठणकावणं अजून ऐकू येतं.

पुढच्या उन्हाळ्यात उदयनगरकडच्या वस्तीतला रेमसिंग देवासच्या एका कारखान्यात टाकी साफ करायला उतरला तो वर आला नाही. ठेकेदाराने सांगितलं, हा माणूस आमचा नव्हताच. रजिस्टरमध्ये नाव नाही, कारण तो दुसऱ्याच्या पासवर आत जायचा, आणि हे ठेकेदाराला चांगलं माहीत होतं. त्याची बायको सुगनी. तिला भरपाई मिळायची तर एकच मार्ग होता: सोबतच्या मजुरांनी त्याला ओळखायचं आणि कामगार खात्यासमोरच्या सुनावणीत सांगायचं की हा आमच्याबरोबर होता. मजूर त्याला नावाने नव्हे, चेहऱ्याने ओळखत. आणि चेहऱ्याचा फोटो एकच, मी एका पत्रकाराचा डिजिटल कॅमेरा मागून शवागाराबाहेर काढलेला. सुजलेला, डोळे बंद. मी तो चार मजुरांना दाखवला. चौघांनी नकारार्थी मान हलवली. कुणीही असू शकतो, म्हणाले.

तेव्हा ज्या मी काकांना फसवे म्हटलं होतं तीच मी त्यांना देवासला घेऊन आले, आमच्या नव्या कॉम्प्युटरवर रेमसिंगचे डोळे उघडायला.

संध्याकाळी साडेसहाला ते बसले. डबा सोबत आणला होता. पाकिटं उघडत, मिटत, त्यांनी एक फोटो निवडला, स्कॅन केला. आधी सूज उतरवली, मग पापण्या काढून टाकल्या. चेहऱ्यात दोन खड्डे राहिले आणि मी खिडकीकडे बघत बसले. सुगनी मात्र त्यांच्या खुर्चीमागे उभी होती, हलली नाही. तासाभराने काका म्हणाले, "बघ." मी वळले. रेमसिंग माझ्याकडे बघत होता. जरासा हसऱ्या, ओळखीच्या नजरेने. मी नकळत ओढणी सारखी केली. त्याच क्षणी वीज गेली. यूपीएसची शिट्टी वाजत होती, खोली अंधारली होती आणि फक्त तो चेहरा उजेडात होता. काका घाईने म्हणाले, "आधी सेव्ह कर." मी केलं. त्याच नावाने. मूळ फोटोवरच.

सुगनी म्हणाली, "आँख इनकी नी हे." मग पडद्याजवळ वाकून म्हणाली, "पर आदमी इनका जैसा लगे."

पोस्टरं लागली. धारपासून देवासपर्यंत, बसस्थानकांवर, चहाच्या टपऱ्यांवर. याला ओळखता का, सुनावणीला या. दोन मजूर तयार झाले. हाच तो, म्हणाले, शपथेवर सांगतो. मी त्या आठवड्यात फार खुशीत होते.

सुनावणीच्या खोलीत ते दोघे बोलून बसले आणि मागच्या बाकावरून एक बाई उठली. हातात आमचंच पोस्टर, चौघडी घातलेलं. नालछ्याची जमना. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून निघाला होता. ती पोस्टर उघडून म्हणाली, "यो म्हारो आदमी हे."

सुगनी उठली. "यो म्हारो."

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघी पोस्टरकडे बघत होत्या. अधिकारी ठेकेदाराच्या वकिलाकडे बघून हसला. "पहले आपस में तय कर लो, बाई, आदमी किसका है." खोलीत हशा पिकला. जमना खाली बसली आणि हातातल्या बांगड्या बोटांकडे सारू लागली. त्या उतरवायच्या की काय, असं तिच्या मनात असावं.

मी काकांच्या बाहीला धरून ठेवलं होतं. त्यांनी ती हळूच सोडवली आणि सुगनीकडे हात करून ते उभे राहिले. "साहब, चेहरा इस बाई के आदमी का है. आँखें मैंने लगाई हैं. किसी और की."

मग व्हायचं ते झालं. मूळ फोटो आणा, अधिकारी म्हणाला. मूळ फोटो नव्हता. पत्रकाराने कॅमेऱ्यातलं कार्ड केव्हाच पुसलं होतं आणि आमच्या एकुलत्या डिस्कवर रेमसिंग डोळे उघडे ठेवून बसला होता. दोन्ही मजुरांची साक्ष बनावट फोटोवरची म्हणून बाद झाली. सुगनीला काहीही मिळालं नाही. माणूस टाकीत मेला आणि कागदावर तो कधी टाकीत उतरलाच नाही. हे मी तेव्हाही पत्रकात लिहिलं, आजही लिहिते.

बाहेर वडाखाली मी काकांना नको ते बोलले. गप्प बसता येत नव्हतं का, दोन मिनिटं? केस हातात होती.

"ती दुसरी बाई बांगड्या काढायला निघाली होती, शुभे."

"मग?"

"तिचा नवरा मेलाय हे मला ठाऊक नाही. तो फोटो न्यायला आला नाही, एवढंच ठाऊक आहे. मी मेलेल्यांचे डोळे उघडतो. जित्याचे मिटायचं काम माझ्याकडे कधी आलेलं नाही."

त्यांनी डब्यातलं ते पाकीट जमनेच्या हातात दिलं, सहा लहान फोटो, आणि बसला निघून गेले. मी आठ महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी डोळ्यांचं काम सोडल्याचं कानावर आलं. लोक रुमालात फोटो घेऊन जिना चढत, ते "बसावं" म्हणत, चहा देत आणि परत पाठवत.

मग एका सकाळी त्यांचं पोस्टकार्ड आलं, जुन्या वळणाच्या मोडी-छाप अक्षरात. सुगनीच्या घरी जायला सोबत हवी होती. बसमध्ये त्यांनी लिफाफा दाखवला. ते त्या दोन मजुरांना शोधून काढून भेटले होते, रेमसिंगचे डोळे कसे होते ते विचारलं होतं, आणि पुन्हा कुंचला हातात घेऊन नवा चेहरा रंगवला होता. डावा डोळा किंचित लहान, भुवईत खाच. "हे तरी त्याचेच," ते म्हणाले. "तिने भिंतीवर लावलेला तो जुना उतरवून हा लावू."

सुगनीची झोपडी वस्तीच्या टोकाला. दार उघडं होतं. आतल्या मातीच्या भिंतीवर तो फोटो, मोठा करून चौकटीत बसवलेला, आणि खालच्या जमिनीवर जमना बसली होती. नालछ्याहून तीन बसगाड्या बदलून. सुगनी म्हणाली, ही दर दोन महिन्यांनी येते. बसते, भाकर खाते, जाते.

"तुला तुझे फोटो दिले होते ना?" मी जमनेला विचारलं.

"छोटे फोटू में वो डरे हुए हें," जमना म्हणाली. "इधर नी डरते."

काका उंबऱ्यापाशीच थांबले होते. भिंतीवरून तो बघत होता आणि त्यांना आत पाऊल टाकवत नव्हतं. त्यांनी लिफाफा पुढे केला, नवा फोटो कसा केला ते सांगितलं. सुगनीने तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. तिचा अंगठा त्या लहान डाव्या डोळ्यावर थांबला. तो तिचाच माणूस होता, तिला कळलं होतं, आम्हालाही दिसलं.

मग तिने तो लिफाफ्यात घातला आणि काकांना परत दिला.

"रेने दो काका," ती जमनेकडे मान करत म्हणाली. "फेर या कहाँ देखेगी."