बंबाजवळची शाल

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि ती शाल दिसते. मी नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात होतो तेव्हाची गोष्ट. आगीत घालायचे कोट आमच्याकडे नव्हते. एकेकटा मागायला गेला की साहेब दारातूनच परत पाठवायचे, म्हणून सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. पण बंब सोडून सगळेच कसे जाणार? चिठ्ठ्या टाकल्या, मागे थांबायची चिठ्ठी माझी निघाली. खाडीकडून येणाऱ्या सुकटीच्या वासात मी दिवसभर फोनजवळ बसून राहिलो. तिकडे साहेबांनी सगळ्यांना उन्हात उभं ठेवलं आणि घोळक्याशी बोलणार नाही म्हणून सांगितलं. पुढच्या झेंडावंदनाला मात्र मला पुढे बोलावलं. “बाकीचे मागण्या घेऊन फिरत होते, हा एकटा इमानदारीनं ड्युटीवर राहिला,” म्हणत माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या माझ्याच माणसांनी वाजवल्या. रांगेत परतलो तेव्हा आमचा म्हातारा ड्रायव्हर हळूच म्हणाला, “बरा झाला. आता आगीत जाशील तवा हीच आंगावर घे.” तो हसला नाही. “साहेब, मला बंबाजवळ ह्यांनीच बसवलं होतं,” हे वाक्य आज कपाटासमोर मला घडाघडा बोलता येतं. तेव्हा माइक तोंडापुढे होता, आणि मी म्हणालो, “थँक्यू, साहेब.”