डब्याचं पान

इतक्या सावकाश आणि इतक्या मायेने प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे आमचे मालवीय नगरातले घरमालक काका. मूळचे साताऱ्याचे, विम्याच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. पासष्टी उलटल्यावर ते वेबसाइट करायला शिकले, तेही एका पानासाठी. इस्पितळात असलेल्याच्या घरच्यांना इथल्या मराठी मंडळींपैकी आज डबा कोण नेणार, हे त्यावर ठरायचं. मी याच कामातला, म्हणून मला जिन्यात गाठून शंका विचारत. लिहिलेला प्रोग्रॅम छापून घेत आणि विम्याच्या अर्जासारखा लाल पेनाने तपासत. एकदा दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि एकाच ठिकाणी दोन डबे गेले. ते कसं घडलं हे पाहायला काकांनी मला गच्चीवर आणि काकूंना स्वयंपाकघरात मोबाइल देऊन बसवलं, आणि स्वतः जिन्यातून "एक, दोन, तीन" असं ओरडत राहिले. काकू कणकेच्या बोटाने बटण दाबत म्हणाल्या, "मतलब, दोन डबे गेले तर बिघडलं काय?"

मग काकूंचंच ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी डबा आलाच नाही. शोधल्यावर कळलं की सगळ्यांच्या मोबाइलवर आदल्या दिवशीचंच पान दिसत होतं, 'डबा ठरला' असं. त्यामुळे जो तो निश्चिंत. मी दुरुस्ती सांगितली, चार ओळींचं काम होतं. पण काका जुन्या नोंदी चाळत बसले. महिन्यापूर्वीही एके दिवशी एका नावापुढे कुणीच नव्हतं. जयपूरजवळच्या चौमूं गावच्या एका बाईंचा नवरा तेव्हा इस्पितळात होता. त्यांनी तक्रार केली नव्हती, पण त्यानंतर डबाही मागितला नव्हता.

काकू घरी आल्यावर काका मला घेऊन बसने चौमूंला गेले. बाईंनी अंगणात खाट टाकली, चहा दिला. काकांनी त्यांना मोबाइल, जुनं पान, सगळं समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हमने सोचा, हम मराठी नहीं हैं, इसलिए बंद कर दिया होगा."

काकांनी हात जोडले. म्हणाले, "नहीं जी. गलती मेरी थी."

निघताना बाईंनी बाजरीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर काका ते फडकं मांडीवर धरून बसले.

आता ते पान चोख चालतं, मी स्वतः तपासलंय. तरी दुपार झाली की काका यादीतल्या प्रत्येकाला फोन लावतात. पलीकडून "हो, डबा मिळाला" असं ऐकू आल्यावरच ते काकूंना म्हणतात, "चल, आता आपण जेवू."