दाढ आणि देशसेवा

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही पुन्हा माझ्याकडे चहाला याल की नाही, शंकाच आहे.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकलो आणि कायमचा सोलापूरला परतलो. कशासाठी? देशसेवेसाठी! विमानातून उतरताना डोळ्यांत पाणी होतं. ते भावनेचं होतं. दाढ दुखत होती, हा निव्वळ योगायोग.

पण गल्लीला हे पटेल? परदेशातली मुलं दुखणी साठवून आणतात आणि सुट्टीत इथे उरकून जातात, हे सगळ्यांना पाठ. जो तो विचारायचा, "यंदा काय, दात का चष्मा?" मी त्यातला नाही, असं मी बाणेदारपणे सांगायचो. गाल सुजल्यामुळे बाणेदारपणा नीट ऐकू जायचा नाही, एवढंच.

शेवटी आईने दातांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. बाकावर पहिला नंबर गंगव्वांचा. त्या इंडीहून आलेल्या. म्हणजे दाढेसाठी थेट कर्नाटकातून महाराष्ट्रात! माझ्यातला अभ्यासक पेटला. उपचारासाठी माणसाला सीमा ओलांडावी लागणं हा व्यवस्थेचा पराभव आहे, असं मी गाल धरून अख्ख्या बाकाला समजावलं.

गंगव्वांनी सगळं ऐकून घेतलं. "तम्मा, तू कुटनं आलास?"

"इंग्लंडहून. पण मी कायमचा…"

"तितं दाड काडत न्हाईत व्हय?"

"काढतात की. पाच महिन्यांनी या म्हणाले."

अख्खा बाक माझ्याकडे वळला. एका आजोबांनी हळूच विचारलं, तिकडचं सरकार लई गरीब हाय का? मी तिथल्या व्यवस्थेची थोरवी सांगू लागलो, तसा त्यांना माझा आणखीच कळवळा आला. नव्याने येणाऱ्यांना गंगव्वा माझी करुण कहाणी कन्नडमध्ये सांगत होत्या. मला कन्नड येत नाही, पण चुकचुकणं कुठल्याही भाषेत कळतं हो!

मग बाकाने एकमताने ठराव केला. गंगव्वांना इंडीची एसटी गाठायची होती, तरी त्याच म्हणाल्या, "लई लांबनं आलंय लेकरू. आदी त्येला जाऊ द्या."

मी समतेवर दोन शब्द बोलणार होतो. तेवढ्यात दाढेतून कळ आली आणि पाय आपोआप आत गेले.

डॉक्टरांनी दिवा तोंडावर वळवला. "परत कधी जाणार आहेस?"

हीच ती वेळ! "जाणार नाही डॉक्टर. कायमचा आलोय."

"अरे वा! मग काही घाई नाही. परतीचं तिकीट असतं त्यांचं मी लगेच उरकतो. तुला आज गोळ्या देतो, पुढच्या आठवड्यात निवांत बघू. ऊठ, बाहेरच्या बाईंना पाठव."

गोळ्या! गोळ्या तर इंग्लंडमध्येही देत होते!

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"परवा पहाटेची फ्लाइट आहे, डॉक्टर."

दार उघडंच होतं. बाकाने ऐकलं, म्हणजे गल्लीने ऐकलं. बाहेर आलो तर गंगव्वांची एसटी निघून गेलेली, आणि त्या पिशवीतली शेंगाचटणी मला विमानात खायला काढून देत होत्या.

दाढ त्याच दिवशी निघाली, मी आता ठणठणीत आहे. देशसेवाही जोरात चालू आहे. फक्त ती सध्या खिडक्या लावून, आतल्या खोलीतून करावी लागते. गल्लीच्या लेखी मी इंग्लंडला पोहोचलोय.