छातीवरचं लाल फूल

कोरियातल्या जेजू बेटावरची ओक्सिम आजी समुद्राला कधी भ्याली नाही. उभा जन्म तळाशी बुड्या मारून शिंपले काढण्यात गेला. पण मुलानं, ग्योंगबोनं, कोटावर कॅमेलियाच्या लाल फुलाचा बिल्ला लावला आणि ती भ्याली.

"काढ ते आधी. लाल रंग अंगावर मिरवतोस?"

"आई, हल्ली सगळेच लावतात. मारल्या गेलेल्यांच्या आठवणीचं फूल आहे ते."

खरंच होतं. कॅमेलिया पाकळी पाकळी झडत नाही, अख्खं फूल बर्फावर पडतं. तशीच ओक्सिम लहान असताना एका हिवाळ्यात सैनिकांनी एका दिवसात गावची माणसं पाडली. ओक्सिमचे बाबा त्यातच गेले. गेले ते गेले, वर कम्युनिस्ट म्हणून 'लाल' ठरले. आणि लालांच्या नातवंडांना नोकरीच्या दारात कोण उभं करणार? म्हणून त्या तारखेला घरोघरी श्राद्धाची पानं मांडली जात, तेव्हा ओक्सिमचं घर गप्प. बाबांचं पान ती दुसऱ्या दिवशी वाढायची. ते तापानं गेले, असं सांगायची. पोराला सरकारी नोकरी लागली, तो निवृत्तही झाला, तरी हिची भीती काही निवृत्त होईना.

"या वर्षी खऱ्या दिवशी करू," ग्योंगबो म्हणाला.

"गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते. आजोबा त्यांच्या दिवशी येतात आणि आपलं दार बंद बघून परत जातात, त्याचं काय?"

हे मात्र तिला लागलं. इतकी वर्षं बाप उपाशी परत गेला, या विचारानं तिला घास गिळवेना. त्या दिवशी सकाळी तिनं आपल्या हातानं बिल्ला लावला आणि मासळी आणायला भर बाजारात गेली.

मासेवाली हेसुक शेजारचीच. तिची नजर फुलावर गेली.

"काकी, तुमच्याकडेही आजच?"

"आजच. बाबांचं. ते तापानं नव्हते गेले गं."

"ठाऊक आहे. आमच्या आईला पहिल्यापासून ठाऊक होतं." हेसुकनं चांगलासा मासा निवडून कागदात गुंडाळला. "दर वर्षी आजच्या दिवशी ती आमच्या आजोबांच्या पानाशेजारी भाताची एक वाटी जास्त मांडायची. म्हणायची, यांच्या घरी उद्या आहे, आज बिचारे जेवतील कुठं?"

ओक्सिम तिथंच पाट्यांशेजारी खाली बसली.

"म्हणजे बाबा जेवत होते," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. हेसुक गिऱ्हाईकं सोडून तिच्याजवळ बसून राहिली.