वाढू का, बाबा?

माधवगंजात काय, अख्ख्या लश्कर भागात माझ्या साडूंसारखा मोजणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. खिशात रुमाल नसेल, टेप असणारच. आमच्या घरी सोफा आला तेव्हा बसण्याआधी त्यांनी तो मोजला, आणि भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाला हातातल्या नारळासकट भिंतीला टेकवून उभा केला. या वेडाचं मूळ त्यांची मुलगी सई. तिच्यात जन्मतःच एक गुणसूत्र कमी, त्यामुळे उंची वाढेना. चौथ्या वर्षापासून रोज संध्याकाळी सातला वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं आणि साडू घड्याळाचे गुलाम झाले. मेळ्यात एकदा सई उंच पाळण्यात असताना सात वाजले, तर हे खालून ओरडले, "भैया, उतारो! दवा का टाइम है!" सईबरोबर पाळण्यातली सगळीच पोरं खाली उतरली.

एकदा त्यांचा फ्रिज बिघडला म्हणून इंजेक्शनचं पेन त्यांनी माझ्याकडे सोपवलं. "थंड ठेवा, बस." मी भक्तिभावानं ते बर्फाच्या कप्प्यात, मटारांशेजारी ठेवलं. गोठलं की ते औषध वाया जातं, ही अक्कल मला संध्याकाळी आली. साडू एवढंच म्हणाले, "साडूसाहेब, थंड म्हणालो होतो, हिमालय नव्हे." मग नवं पेन मिळेपर्यंत माझ्या स्कूटरवर मागे बसून गावभर फिरले, आणि दाल बाजारच्या गर्दीत अडकलो तेव्हा वेळ जावा म्हणून माझी पाठ मोजली.

पण खरी गंमत जेवताना. सई वरण घेऊन यायची, विचारायची, "बाबा, वाढू?" साडू घास हातातच थांबवून म्हणायचे, "वाढ गं बाई, वाढ!" वाटी भरून ताटात ओघळ यायचे, तरी यांचं चालूच. मी एकदा शहाणपणा केला, "अहो, ती वरणाचं विचारतेय!" "मीही वरणाचंच म्हणतोय," ते म्हणाले आणि मान खाली घातली.

सई आता चोवीस वर्षांची, चार फूट दहा इंच. किला गेटजवळच्या शाळेत शिकवते. इंजेक्शनं केव्हाच थांबली, पण हृदय, हाडं, साखर यांची तपासणी जन्मभराची. परवा यंदाचे रिपोर्ट चांगले आले, तरी साडूंनी ते दोनदा उलटसुलट वाचले. हळूच मला म्हणाले, "एवढीशी होती, तिला न विचारता टोचत राहिलो. पन्नाशीत तिला त्याचं काही बाधलं तर? डॉक्टरही म्हणतात, बघत राहायचं."

सईनं ऐकलं होतं. "बाबा, फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचतो माझा. आगे का आगे देखेंगे. आता तुम्ही उभे राहा." तिच्या उंचीच्या पेन्सिलरेघा असलेल्या दाराच्या चौकटीला तिनं त्यांना टेकवलं, त्यांचाच टेप लावला. "अरे, बाबा गेल्या मापापेक्षा एक सेंटीमीटर कमी झाले!" आयुष्यात पहिल्यांदा साडूंनी मापावरून वाद घातला नाही.

मग पानं घेतली. सई वरण घेऊन आली. "वाढू का, बाबा?"

"वाढ," ते चौकटीकडे बघत म्हणाले. वाटी पुढे करायचं त्यांना सुचलंच नाही. ती मीच सरकवली.